मदत हवी आहे: जिफोर्स २१० वर गेम आडवे फुगलेले दिसतात, १३६६×७६८ यादीतच येत नाही

जुनीइंदूर

मंडळी, आधी मशीन सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतील. कोअर टू ड्युओ ई७५००, इंटेल जी४१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, जिफोर्स २१० ग्राफिक्स कार्ड १ जीबीचं, विंडोज १०, चौसष्ट बिट. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६×७६८ पिक्सेलचा, जोडायला मागे जुन्या पद्धतीच्या व्हीजीए पोर्टशिवाय काही नाही. या मशीनवर मी बरीच वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, गणपतीची पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका. आता कामाला दुसरं मशीन आहे, हे सुट्टीपुरतं भाच्याच्या ताब्यात दिलंय. त्याला गाड्यांच्या शर्यतीचा गेम मोस्ट वाँटेड हवं (२००५ चं), व्हाइस सिटी हवं, आणि मला स्वतःला एज ऑफ एम्पायर्स टू. हसू नका.

त्रास असा. सुट्टी लागायच्या आधी एका मुलाला घरी बोलावून कॅबिनेट उघडून साफ करून घेतलं, कार्डाचा पंखा पुसून घेतला आणि विंडोजही नव्यानं टाकून घेतलं. तेव्हापासून स्क्रीनवरचं सगळं आडवं फुगलंय. गेममधल्या गाड्या बेडकासारख्या बसक्या दिसतात. मला आधी वाटलं नजरेचा दोष असेल, म्हणून कोरल या डीटीपीच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल दाबून वर्तुळ काढलं आणि स्क्रीनवर पट्टी लावली. उंची ९ सेंटिमीटर, रुंदी १२. म्हणजे नजर ठीक आहे.

डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४×७६८ निवडलेलं आहे. यादीत ८००×६०० आहे, वर १२८०×१०२४ वगैरेही आहे, पण रुंद माप एकही नाही. १२८०×१०२४ करून पाहिलं तर स्क्रीन काळी आणि मधे ‘आउट ऑफ रेंज’ची पाटी. भाच्यानं व्हाइस सिटीच्या मेनूत तेच माप निवडलं होतं, तर आता तो गेम उघडला की थेट तीच पाटी येते. मेनूत जाऊन बदलायलाही दिसत नाही.

ड्रायव्हर ३४२.०१ टाकलाय. जेल रोडवर एका दुकानात विचारलं तर, ‘मॅडम, इसमें अब कुछ नहीं होगा, नया कार्ड डलवा लो.’ माझं म्हणणं इतकंच की हेच कार्ड, हाच मॉनिटर, हीच वायर, साफसफाईच्या आधी पत्रिका बरोब्बर मापात दाखवत होती. मग कार्डात दम नाही हे उत्तर मला कसं पटावं?

कॅबिनेटकाका

२१० म्हणजे २००९ चं कार्ड. ६४ बिटचा मेमरी बस, म्हणजे हळू. ताई, दुकानदार चुकीचं सांगत नाही. सेकंडहँड जीटी ७१० टाका आणि मोकळ्या व्हा.

जुनीइंदूर

काका, कार्ड हळू आहे हे मान्य. पण हळू असणं वेगळं आणि गोल वस्तू लांबट दाखवणं वेगळं. गेम अडकत अडकत चालला असता तर मी कार्डाला बोल लावला असता. तो छान पळतोय, फक्त बेढब दिसतोय.

पिन_पंधरा

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, आणि पट्टीनं मोजून आलेला पहिलाच प्रश्न वाचतोय. १२ ला ९ नं भागा, १.३३ येतं. ४:३ चं चित्र १६:९ च्या काचेवर ताणलं की हाच आकडा यायला हवा. म्हणजे कार्ड १०२४×७६८ पाठवतंय आणि मॉनिटर ते गुपचूप पूर्ण काचभर पसरवतोय. दोघंही आपापलं काम नीट करताहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीयेत.

दोन गोष्टी पाहून सांगा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’खाली काय नाव आहे? आणि ‘मॉनिटर्स’खाली काय?

जुनीइंदूर

पहिल्याखाली एनव्हिडिया जिफोर्स २१०. दुसऱ्याखाली ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’.

पिन_पंधरा

सापडलं, निदान अर्धं तरी.

पहिल्या ठिकाणी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असतं तर ड्रायव्हरच बसला नाही असं म्हटलं असतं. तसं नाही. ३४२.०१ हा डिसेंबर २०१६ चा, या पिढीच्या कार्डांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर आहे. त्याच्यापुढे शोधू नका आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणारी फुकटची सॉफ्टवेअर तर टाकूच नका.

घोळ दुसऱ्या ओळीत आहे. ‘नॉन-पीएनपी’ म्हणजे विंडोजला हा मॉनिटर कोणता ते ओळखताच आलेलं नाही. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते. तिच्यात १२८ बाइटची माहिती असते: बनवणारा कोण, काच किती सेंटिमीटरची, स्वतःचं माप कोणतं, किती हर्ट्‌झपर्यंत झेपतं. याला ईडीआयडी म्हणतात. मशीन सुरू झालं की कार्ड ती वाचतं आणि त्यावरून रिझोल्यूशनची यादी तयार करतं. गेम स्वतः मॉनिटरला काही विचारत नाही, तो विंडोजकडून हीच यादी घेतो. चिप वाचताच आली नाही तर कार्ड अंदाजपंचे यादी देतं. त्यात तुमचं खरं माप नसतं आणि न झेपणारी मापं असतात. म्हणून फुगवटाही आणि ‘आउट ऑफ रेंज’ही. दोन्हींचं मूळ एकच.

आता प्रश्न एवढाच की चिपपर्यंतची वाट कुठे तुटली. व्हीजीएच्या पंधरा पिना पाच-पाचच्या तीन ओळींत असतात. १, २, ३ वर लाल, हिरवा, निळा. १३ आणि १४ वर आडवा-उभा सिंक, म्हणजे ओळी जागेवर जुळवणारे संकेत. चित्र एवढ्यावर येतं. चिपची माहिती १२ आणि १५ वरून जाते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत असूनही मॉनिटर अनोळखी राहू शकतो. लोक इथेच फसतात, ‘चित्र येतंय म्हणजे वायर चांगली’ म्हणतात.

दांडियाबाजार

बडोद्याहून. माझ्या वायरीत मधल्या ओळीतली एक पिन नव्हतीच, ती फेकून नवी घेतली. ताई, तुम्हीही पिना मोजा. चौदा असतील तर वायर खराब.

पिन_पंधरा

दादा, मधल्या ओळीतली म्हणजे बहुधा नऊ नंबर. ती पुष्कळ चांगल्या वायरींत मुळातच नसते. तिच्यावरून कार्ड मॉनिटरच्या चिपला ५ व्होल्ट देतं, मॉनिटर बंद असला तरी माहिती वाचता यावी म्हणून. मॉनिटर चालू असेल तर सहसा तिच्यावाचून अडत नाही. नुसती पिनांची संख्या मोजून वायर फेकू नका. तिसऱ्या ओळीतली दुसरी आणि पाचवी पाहा, त्या वाकलेल्या किंवा आत गेलेल्या नाहीत ना. पिना शाबूत असूनही स्वस्तातल्या वायरीत आतली तार जोडलेली नसते, ते मात्र डोळ्यांनी कळत नाही.

ताई, तुमच्या मदरबोर्डवर स्वतःचा व्हीजीए असेल ना? कार्ड काढून, तीच वायर आणि तोच मॉनिटर तिथे लावून पाहा. कार्ड लावलेलं असताना तो पोर्ट बहुतेक बायोस बंद ठेवतो, म्हणून कार्ड काढायला सांगतोय. आधी मशीन बंद, प्लग बाहेर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच आत.

कॅबिनेटकाका

एवढं कशाला, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन बनवा. १३६६, ७६८, ६० हर्ट्‌झ, टायमिंगमध्ये डीएमटी, म्हणजे मॉनिटरच्या मापांचा ठरलेला तक्ता. टेस्ट दाबा, चित्र आलं की सेव्ह. पाच मिनिटांचं काम.

पिन_पंधरा

काका, हा उपाय खरा आहे आणि चालतोही. डीएमटीच्या तक्त्यात १३६६×७६८ आहे, ८५.५ मेगाहर्ट्‌झचं. पण ड्रायव्हर पुन्हा टाकला की बनवलेलं माप जातं, आणि यादीतली न झेपणारी मापं तशीच राहतात. भाचा परत एखाद्या गेममध्ये १२८०×१०२४ निवडणार. आधी दुखणं शोधू, मलम मग.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून, ताईंच्या धाग्यात मधेच घुसतोय, माफी. माझं उलट आहे. रेडिऑन एचडी ५४५०, एचडीएमआयनं टीव्हीला जोडलंय. माप १९२०×१०८० बरोबर आहे, पण चारी बाजूंनी काळी चौकट, चित्र मधे आक्रसलेलं. गेममध्येही तसंच. हेपण ईडीआयडी का?

पिन_पंधरा

नाही, तुमचं वेगळं आणि सोपं आहे. एएमडीचा ड्रायव्हर एचडीएमआयवर टीव्ही दिसला की चित्र आपणहून थोडं आत ओढतो, कारण जुने टीव्ही कडा कापायचे. कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटरमध्ये ‘माय डिजिटल फ्लॅट पॅनल्स’, त्यात ‘स्केलिंग ऑप्शन्स’, तिथली अंडरस्कॅनची पट्टी सरकवून शून्यावर आणा. मग कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या मेनूत चित्राचं माप ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचं काही असेल ते निवडा. प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते.

लष्करवाला

झालं! ही पट्टी इतक्या आत का लपवतात देव जाणे.

जुनीइंदूर

करून पाहिलं. कार्ड काढलं, मदरबोर्डच्या व्हीजीएला तीच वायर, तोच मॉनिटर. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचं नाव चक्क मॉडेल नंबरासकट आलं. वर्तुळही जवळजवळ गोल. म्हणजे वायर सुटली, मॉनिटर सुटला, संशय कार्डावर. काका, तुम्ही जिंकलात असं लगेच म्हणू नका.

एक मात्र समजलं नाही. इथे माप १३६६ नाही, १३६०×७६८ दाखवतंय. अक्षरं कडेला किंचित धुरकट. हे सहा पिक्सेल कुणी खाल्ले?

पिन_पंधरा

१३६६ ला ८ नं नि:शेष भाग जात नाही, १३६० ला जातो. जुन्या हिशेबात रुंदी आठाच्या पटीत धरायची पद्धत होती. ईडीआयडीतल्या ‘स्टँडर्ड टायमिंग’च्या खान्यातही रुंदी आठनं भागूनच लिहितात, तिथे १३६६ लिहिताच येत नाही. ते फक्त सविस्तर टायमिंगच्या खान्यात मावतं. म्हणून जुने इंटेलचे चिपसेट बऱ्याचदा १३६० वर थांबतात. मॉनिटर तेवढं चित्र १३६६ वर ताणतो आणि अक्षरं धुरकटतात. डीटीपीच्या नजरेला ते खुपणारच, गेममध्ये कुणाला कळणार नाही.

आता कार्ड हातात आहेच तर एक नीट बघा. तुमचं कार्ड बुटकं, म्हणजे लो प्रोफाइल आहे का? तसं असेल तर व्हीजीएचा पोर्ट थेट हिरव्या पट्टीवर बसवलेला नसतो. तो पत्र्याला स्क्रूनं लावलेला असतो आणि तिथून एक चपटी, राखाडी रिबन वायर कार्डावरच्या पिनांवर खोचलेली असते. पंखा साफ करताना ती हमखास ओढली जाते.

जुनीइंदूर

हो!! बुटकंच आहे. रिबन आहे. आणि कार्डाच्या बाजूचं तिचं टोक एका कडेनं वर उचललेलं आहे, साध्या डोळ्यांना दिसतंय. दुसरी कड घट्ट बसलेली. त्या मुलानं पंखा काढताना ती बाजूला केली असणार.

दाबून बसवते आणि सांगते.

दांडियाबाजार

दाबण्याआधी पूर्ण काढून पिना सरळ आहेत ना बघा ताई. तिरक्या पिनेवर दाबलं तर पिन मोडेल.

जुनीइंदूर

बडोदेकर दादांचं ऐकलं ते बरं झालं, कडेची एक पिन थोडी तिरकी होती. सुईच्या टोकानं हळूच सरळ केली, रिबन बसवली, कार्ड परत खोचलं. मॉनिटरचं नाव आलं. यादीत १३६०×७६८ आहे आणि १३६६×७६८ पण आहे, त्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं. १२८०×१०२४ यादीतून गायब. १३६६ निवडून मॉनिटरचं ऑटो बटण दाबलं. वर्तुळ नऊ बाय नऊ.

व्हाइस सिटी अजून काळीच उघडते. आणि मोस्ट वाँटेडमधल्या गाड्या अजून बसक्याच आहेत. डेस्कटॉप सुधारला तरी गेम का सुधारला नाही?

पिन_पंधरा

दोन्हींची कारणं वेगवेगळी.

व्हाइस सिटीनं जुनं माप स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवलंय. डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ नावाचं फोल्डर असेल. त्यातली ‘जीटीए_व्हीसी’ नावाची, ‘सेट’ एक्स्टेन्शनची फाइल उडवा. गेम पुढच्या वेळी नवी बनवतो. तिच्यासोबत कळांची आणि आवाजाची सेटिंगही जाईल, पण खेळातली प्रगती त्याच फोल्डरात वेगळ्या फाइलींत असते, त्यांना हात लावू नका. नाहीतर भाचा घर डोक्यावर घेईल.

मोस्ट वाँटेडचा प्रश्न मात्र तुमच्या मशीनचा नाहीच. तो गेम २००५ चा, मेनूत फक्त चौकोनी मापं ठेवलेली आहेत. तुमच्याकडे उद्या हजारो रुपयांचं कार्ड आलं तरी त्या मेनूत १३६६ उगवणार नाही. त्याला वाइडस्क्रीन फिक्स म्हणून चाहत्यांनी बनवलेली एक छोटी जोड मिळते. तिच्यात ‘डीइनपुट८’ नावाची डीएलएल आणि ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं फोल्डर असतं. दोन्ही गेमच्या मूळ फोल्डरात, ‘स्पीड’ या एक्झी फाइलीच्या शेजारी टाकायची. स्क्रिप्ट्समधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडली की रेसएक्स आणि रेसवाय दिसतील. दोन्ही शून्य ठेवली तर डेस्कटॉपचं माप घेतो. गेम १.३ आवृत्तीचा असायला हवा, नाहीतर फिक्स चालत नाही. आधी कंपनीचा १.३ चा पॅच टाका.

१३६६×७६८ म्हणजे १०२४×७६८ पेक्षा एक तृतीयांश पिक्सेल जास्त, तेवढा भार या कार्डावर वाढेल. अडखळलं तर माप कमी करू नका. आधी रस्त्यावरचं प्रतिबिंब, सावल्या आणि अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद करा. मोशन ब्लरही, म्हणजे वेगात चित्र धूसर करणं. त्याचं नुकसान म्हणाल तर मला तर तो बंद असलेलाच गेम आवडतो, समोरचं दिसतं तरी.

कॅबिनेटकाका

मोस्ट वाँटेडला विंडोज १० वर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर सेटिंग सेव्ह होईलच असं नाही. आणि हो ताई, कार्ड राहू द्या. मी शब्द मागे घेतो. जीटी ७१० चे पैसे वाचले.

जुनीइंदूर

काका, वाचलेल्या पैशांत भाच्याला सराफ्यात खाऊ घालायला नेते.

फाइल उडवली, व्हाइस सिटी उघडली. मोस्ट वाँटेडला पॅच आणि फिक्स दोन्ही टाकले, नोटपॅडमध्ये दोन्ही शून्यं आधीच होती. गाड्या आता गाड्यांसारख्या दिसतात, आणि कोपऱ्यातला नकाशाही गोल आहे. शर्यतीत खूप पोलीस मागे लागले की जरा अडकतं, सावल्या बंद केल्यावर चालण्याजोगं झालं.

माझा एज ऑफ एम्पायर्स राहिला. जुनी सीडी आहे, त्यात ८००×६००, १०२४×७६८ आणि १२८०×१०२४ एवढीच मापं. मला त्यात रुंद माप नकोच आहे, चौकोनीच हवं, पण दोन बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आस्पेक्ट रेशो’ निवडा असं सगळीकडे लिहिलंय, माझ्याकडे तो पर्यायच दिसत नाही.

पिन_पंधरा

दिसणार नाही, कारण तुम्ही व्हीजीएवर आहात. ताणायचं की पट्ट्या सोडायच्या हे कार्ड फक्त डिजिटल जोडणीवर ठरवू शकतं, म्हणजे डीव्हीआय किंवा एचडीएमआयवर. व्हीजीएवर ताणण्याचं काम मॉनिटर करतो, म्हणून पर्याय मॉनिटरच्या मेनूत शोधायचा. गेम चालू असतानाच मेनूचं बटण दाबा, कारण डेस्कटॉप १३६६ वर असला तर पुष्कळ मॉनिटर हा पर्याय पुसट करून ठेवतात. ‘इमेज रेशो’, ‘वाइड / ४:३’ असं काही असेल.

पुढे कधी दुसरा मॉनिटर घेतलात तर कार्डावरच्या डीव्हीआयला लावा, मग ही रिबन मधे येणारच नाही. आणि याच मॉनिटरसाठी डीव्हीआयवरून व्हीजीए काढायचं मनात आलं तर आधी पोर्ट बघा. आडव्या पातीच्या भोवती चार छिद्रं असतील तर साधा जोड चालतो. नसतील तर तो जोड घेऊन पैसे घालवू नका, त्यातून चित्रच येत नाही.

जुनीइंदूर

सापडलं. मेनूत ‘इमेज कंट्रोल’खाली आहे, आणि खरंच, गेम चालू असतानाच उजळतं. ४:३ केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, गावकरी सडपातळ. गवताचा रंग मधूनच लाल होतो आणि पाणी जांभळं, पण ते २५६ रंगांचं दुखणं वेगळं दिसतंय, त्याचा धागा वेगळा काढते. हा ‘सुटला’ म्हणून खूण करतेय.